मनू उशिरा हसते

तर बायांनो, आज सगळ्यात आधी आली सरपंचांची स्नेहल, मागून आणखी दोघी. आमच्या मनूच्या वर्गातल्या. मनू चौदाची, डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. नातीकडं मैत्रिणी आल्या म्हणून मी हरखले, घावणे घातले.

गौरीच्या फुगड्यांची तालीम करायची होती. मनूला हात धरलेला सोसत नाय. "शिष्टच हाय गं ही!" म्हणत तिला फुगड्या मोजायला बसवलं आन् तिघी तिच्या हसण्याची नक्कल करू लागल्या. त्या हसतात हे बघून मनूपण जरा उशिरानं हसली, स्वतःलाच! शिसारी आली मला त्या पोरींची.

मनूचा चुलतभाऊ सोनूही तिच्यासारखाच स्वमग्न. तो आन् शेजारचा बाळ्या अख्खी दुपार ओढ्यावर खेकडे धरतात, एक शब्द बोलत नायत. लोक म्हणतात, "काय दोस्ती हाय!" मग पोरीनंच का बोलायचं, हसायचं?

इंग्रज होते तेव्हा, मी पोर असताना, माझी मैत्रीण यमू अशीच होती. तिला फुगडीतून मीच हाकललं होतं. त्याचीही किळस येते.

पोरी गेल्यावर मनू म्हणाली, "आजी, त्या परत आल्या की कशावर हसायचं, आधीच सांगून ठेव गं."

काय सांगू, तुमीच सांगा. रविवारी येतो म्हणून गेल्यात.