कपाट बघून दिलेलं उत्तर

सत्तरच्या दशकात कलकत्त्यात एका ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी भोकं पाडलेली कार्डं यंत्रात घालायचो. शिक्षण चौथी, पण घरी थाट असा की यंत्र मला विचारूनच चालतं. गणितं फोरट्रान नावाच्या भाषेत व्हायची. त्या भाषेचे कुठले तयार तुकडे यंत्रात भरलेले आहेत, ते रोज सकाळी तपासायचं काम माझं. एक ठरलेलं कार्ड घातलं की यंत्र यादी छापायचं.

एकदा मी आळस केला. त्या तुकड्यांच्या कार्डांच्या पेट्या कपाटात दिसल्या, म्हटलं, "सब है, साहेब." काम दिवसभर अडलं. बंगाली साहेब ओरडला, "आलमारी में है, मशीन में किधर है? कल से मत आना!"

घरी तोंड पाडून बायकोला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "अहो, डाळ डब्यात असली म्हणजे आमटी झाली का? उद्या जा नि पाय धरा."

गेलो, धरले, नोकरी राहिली.

तिला जाऊन आता वर्ष झालं. तिचे डबे मी रोज उघडून बघतो. डाळ आहे, आमसुलं आहेत, तिनं केलेला गोडा मसालासुद्धा आहे. आमटी मला एकदाही जमलेली नाही.