माझी बायको त्यांनी किलोत छापली

मी आचारी माणूस. शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धीमुर्धी. पेपर वाचता येतो, पण बोट लावून, तेवढ्यात चहा गार होतो. तरी बायको गेल्यावर पेपरानं काय छापलं ते मला पाठ आहे, कारण ते मीच त्यांना सांगितलं होतं.

बायको जेवायची, पण जेवण अंगाला लागू द्यायची नाय. किती वर्षं, मला मालूम नाय. मी चाळीस वर्षं लग्नाचे स्वयंपाक केले. पहिली पंगत उठली की आचारी आधी उष्ट्याकडं जातो. ढीग वांग्याचा पडलाय का बुंदीचा, त्यावरून कुठं चुकलं ते कळतं. पार दौलताबादपर्यंत परक्यांच्या पत्रावळ्या मी वाकून वाकून बघितल्या. घरी मात्र पोट भरूनच यायचो. "जेवलीस का?" "व्हय, मघाशीच." संपलं. शेजारी बसून आम्ही जेवलो असू ते आमच्याच लग्नात.

शेवटी औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईनं सांगितलं, हा आजार आहे आणि तो डोक्यातून सुरू होतो. तोवर बायकोचं काळीज थकलं होतं. साठीच्या बाईला असलं काही होतं हे तिच्या भावांना अजून पटत नाय. ते अल्सर म्हणतात. दवाखान्यात तिनं मला सगळं सांगितलं, लाजत, भिंतीकडं तोंड करून.

ती गेल्यावर महिन्याभरानं पेपरची एक पोरगी पुंडलिकनगरला घरी आली. मंगल कार्यालयाच्या मालकाकडून तिला खबर लागली होती.

"काका, लोकांमध्ये जागृती करायची आहे."

"करा की."

"काकूंचं वजन आधी किती होतं?"

सांगितलं.

"आणि शेवटी?"

ते पण सांगितलं.

"दिवसभरात काय खायच्या? आणि तुमच्यापासून लपवायच्या कशा?"

महिनाभर लोक येत होते, चहा पिऊन पावसापाण्याचं बोलून जात होते. बायकोबद्दल कुणी दोन शब्द विचारले नव्हते. ही विचारत होती. मग मी थांबलोच नाय. बायकोनं भिंतीला सांगितलेलं मी परक्या पोरीच्या मोबाईलमध्ये ओतलं.

"आता हातात झारा घ्या ना काका. आणि पुढं एक रिकामं ताट."

"ताट रिकामं कशाला?"

"फोटो बोलका होतो."

"मग त्यालाच विचारायचं होतं सगळं," मी म्हटलं. ताट नाय ठेवलं. झारा मात्र धरला. पेपरात यायची हौस कुणाला नसते!

छापून आलं. वर मोठ्या अक्षरात: 'जगाला जेवू घालणाऱ्याची बायको उपाशी'. उपाशी! जसं काय मीच तिला कोंडून ठेवलं होतं. बाजूला लाल चौकट. त्यात वजन, आधीचं आणि शेवटचं, किराणा दुकानातल्या भावाच्या पाटीसारखं. त्याखाली ती काय खायची, कसं लपवायची, सगळं एकाखाली एक. मी ते इथं लिहिणार नाय. एकदा छापून झालं तेवढं पुरे.

बायकोचा फोटो मी दिला होता. डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. तो नाय छापला. त्याच्या जागी विशीतली कोण एक पोरगी, केस मोकळे, कमरेला शिंप्याचा टेप. फोन करून विचारलं तर म्हणे, "काका, वाचकांना तो जास्त भिडतो." म्हणजे माझ्या बायकोनं मरून पण भागलं नाय. आणि त्याच पानावर खाली, लग्नसराईच्या आधी पोट कसं कमी करायचं त्याचे उपाय. वर डोळे पुसा, खाली पोट आत घ्या. लई शहाणी माणसं!

हे मला नातीनं वाचून दाखवलं. लेकीची लेक, कॉलेजसाठी माझ्याकडं राहते. भराभर वाचणारी पोर, लाल चौकटीपाशी सावकाश झाली. तेवढंच परत एकदा वाचलं, मनातल्या मनात.

"आबा, हे पान ठेवू मी?"

"ठेव की," म्हटलं. मला वाटलं, आजीवरचा जीव.

बायको गेल्यापासून मी कामं घेत नाय, म्हणून जेवायच्या वेळेला घरी असतो. दोन महिन्यांनी एका दुपारी त्या चौकटीतलीच एक गोष्ट मी स्वयंपाकघरात डोळ्यांनी बघितली. आजीची नाय, नातीची.

"काय चाललंय हे?"

"काही नाय."

"तुझी आजी पण हेच म्हणायची."

"आजी मला काय म्हणाली होती, आबा? एक अक्षर नाय! तुम्हीच सांगितलं ना सगळं. झारा धरून."

पेपरवाल्यांना मी तोवर रोज शिव्या घालत होतो. त्या दिवशी पहिली शिवी स्वतःला घातली.

संध्याकाळी पेपरच्या त्या पोरीला फोन लावला. म्हटलं, ते पान मोबाईलवर अजून दिसतंय, काढून टाका, घरात नात आहे माझी, ती त्यातून शिकायला लागली.

"बापरे! काका, पान काढणं माझ्या हातात नाही. पण यावर दुसरा भाग करू या ना. नाव बदलून."

मी जे बोललो ते कुठल्याच पेपरात छापता येणार नाय.

मग नातीला त्याच डॉक्टरीणबाईकडं नेलं. रिक्षात ती पूर्ण वेळ बाहेर बघत होती. बाईंनी तिला वजनकाट्यावर पाठमोरी उभी केली, आकडा लिहिला आणि कागद पालथा ठेवला.

"किती?" नातीनं विचारलं.

"ते माझं काम," बाई म्हणाल्या. मी मान लांब केली तर माझ्यावर पण डोळे वटारले. "आजोबा, बाहेर बसा."

बसलो. तासाभरानं नात बाहेर आली, डोळे लाल. जिन्यात म्हणाली, "पुढच्या बुधवारी मी एकटी येईन. तुम्ही कुणालाही काहीपण सांगता."

ती जाते बुधवारी. दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा गेली. बरी झाली असं मी म्हणणार नाय, तसं तर पेपरवाले लिहितात.

हे कागदावर लिहायच्या आधी तिला विचारलं. आठ दिवस नाय म्हणाली. मग म्हणाली, लिहा, पण आधी मला दाखवा. दाखवलं. तिनं पेन घेऊन तीन ओळी खोडल्या, एवढ्या जोरात की मागचं पान फाटलं. त्यात काय होतं ते विचारू नका.