उजव्या हाताचं विचारायचं राहिलं

दस्तगीरभाईला स्वस्थ बसलेला मी गेल्या अकरा वर्षांत पाहिलेला नाही. बीडमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं कोयत्यांचं, वेल्डिंगचं; मध्ये एकच भिंत. गिऱ्हाईक अर्धं बोलतं, उरलेलं हा स्वतःच ठरवतो आणि कामाला लागतो. माझ्या मशीनचा ट्रे कुरकुरतो एवढंच मी एकदा म्हणालो होतो. दुपारपर्यंत ट्रेला चाकं लागली आणि कुरकुर होती तशीच राहिली.

दसरा झाला की ऊसतोडीला निघणारे त्याच्याकडे कोयत्यांसाठी गर्दी करतात. यंदा त्या गर्दीत चंद्रभागाबाई आली. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून ती पडली होती. उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक ‘कोयता’ म्हणतात. तिचा नवरा शहादेव एकटा निघाला, तर मुकादम त्याला घेणार नव्हता. आईच्या जागी मग लेक रोहिणी जाणार होती, आणि रोहिणी बारावीला आहे. टोळी चौथ्या दिवशी निघायची होती.

"उजव्या हातात कोयता ऱ्हाईना, भाई," चंद्रभागाबाई म्हणाली. "आन् दुसरं म्हंजे..."

दुसरं ऐकायला भाईला सवड कुठे? त्यानं तिच्या डाव्या पंजाला दोरा गुंडाळून माप घ्यायला सुरुवातही केली होती.

पुढचे दोन दिवस त्यानं माझं डोकं उठवलं. "समदे कोयते उजव्यांसाठीच हायेत बे! कावून? कुनी इचारच केला न्हाई!" त्यानं धार उलट्या अंगाला काढली, मूठ तीनदा बदलली. त्याची बायको आमिनाबी डबा घेऊन आली, तर तिच्याच डाव्या हातात कोयता देऊन कडबा तोडायला लावला. डबा तसाच गार झाला.

मी वैतागून म्हणालो, "अरे, जिला तोडायचंय तिला तरी बोलव की!"

तिसऱ्या दिवशी ती आली. कोयता डाव्या हातात असा बसला की ती चक्क हसली. भाईची छाती फुगली.

"आता तोडून दाखवा," तो म्हणाला.

बाजारात ऊस कुठला? ती माझ्या दुकानासमोर वाकली, समोर ऊस आहे असं समजून उजवा हात पुढे केला आणि डाव्यानं घाव घातला. मी कोयत्याकडे बघत होतो. भाई तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. त्या हाताची बोटं अर्धीच मिटली होती.

"ऊस ह्या हातानं धरनार?" त्यानं विचारलं.

"मंग? एका हातात कोयता, एका हातात ऊस. त्येच तर पयल्या दिवशी सांगत व्हते. तुमी ऐकलं कुटं?"

भाईचा चेहरा उतरला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. पोरीचं वर्ष याच्या घाईपायी जायची वेळ आली होती.

मग त्यानं स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसला. ऊस कुठे धरता, बुडाशी की वर? जोर कुठे लागतो? दुखतं कुठे? ती सांगत राहिली. तो एकदाही मध्ये बोलला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मनगटात जीव नव्हता, पण कोपराखाली जोर होता. त्यानं मग तिथे बांधायचा एक लोखंडी आकडा करायला घेतला.

चौथ्या दिवशी सकाळीच आम्ही मोटारसायकलवर तिच्या गावी गेलो. टोळीचा ट्रॅक्टर भरत आला होता. भांडी, गोधड्या आणि त्यांच्यावर रोहिणीचं बोचकं. शेजाऱ्याला विचारून आम्ही त्याच्या उसात शिरलो. भाईनं आकडा चंद्रभागाबाईच्या उजव्या हाताला पट्ट्यानं बांधला. पहिला ऊस निसटला. दुसराही निसटला. तिकडे मुकादम हॉर्न वाजवत होता.

"ह्याचं तोंड आत पायजे," चंद्रभागाबाई म्हणाली.

भाईनं आकडा दगडावर ठेवून हातोडीनं आत वळवला. तिसरा ऊस अडकला. तिनं ओढून घाव घातला. मग चौथा, पाचवा. पट्टा सैल झाला, तेव्हा त्याचं टोक दातात धरून तिनं स्वतःच आवळला.

नंतर ती सरळ ट्रॅक्टरकडे गेली. रोहिणीचं बोचकं डाव्या हातानं खाली ओढलं आणि लेकीच्या हातात दिलं.

"घरी जा. अभ्यासाचं बग," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

 दुकानाशी उतरल्यावर भाई मात्र म्हणाला, "दातानं बांधला तिनं. पाच महिने रोज दातानंच बांधायचा?"

दुपारी मी पलीकडे डोकावलो. दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती. भाई आपल्या उजव्या हाताला तसाच पट्टा गुंडाळून, तोंड घट्ट मिटून, एका डाव्या हातानं तो आवळायला बघत होता.