एका पानाचा बेल

बी उगवलं नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी फाडकन बोलायचे, "बियाला कशाला नावं ठेवता? तुमी काय केलं ते सांगा." सोनपेठात आमच्या गल्लीत मला झाडवाली म्हणतात आणि ते नाव मी मिरवत होते. पुढं आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, किराणा दुकान, मागं घर आणि दोन्हींवर स्लॅब. स्लॅब माझा. दुकानातले तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या, फुटके माठ, हाताला लागेल त्यात मी बी लावायचे. आमची काळी माती नुसती घातली तर पाणी पडलं की चिखल आणि ऊन पडलं की दगड. तिच्यात गंगेची, म्हणजे गोदावरीची, वाळू आणि जुनं शेणखत मिसळावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नाही. चार वर्षं रोपं मारली तेव्हा कळलं.

बहाव्याचं बी दगडावर घासायचं, गुलमोहराचं गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं, रामफळाचं बी वाळू न देता लगेच मातीत. लग्नात, बारशाला मी रोपंच द्यायचे. बायका तोंडावर कौतुक करायच्या आणि मागं म्हणायच्या, हिला साडी द्यायचं जिवावर येतंय. म्हणू देत. बसस्टँडच्या मागचा बहावा माझ्या डब्यातला आहे. तो फुलला की मी मुद्दाम त्या रस्त्यानं भाजीला जायचे. गर्व होता मला, आता कबूल करायला काय जातंय.

त्या वर्षी मला वेड लागलं विस्टेरिया नावाच्या वेलाचं. फोनवर कुठल्या तरी थंड देशातलं घर दिसलं, त्याच्या दारावरून जांभळ्या फुलांचे हातहातभर लांब घोस लोंबत होते. मी ते चित्र शंभरदा बघितलं. मग बी मागवलं. पुडीत पाच बिया निघाल्या, चपट्या, तपकिरी, शर्टाच्या गुंड्यांएवढ्या. बियापासून लावलं तर फूल यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, असं सगळे सांगत होते. मी म्हटलं, लागू देत.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पलंगावर बसून हे सगळं ऐकायच्या. आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. गुडघे गेल्यामुळं त्यांना जिना चढता यायचा नाही. त्यामुळं स्लॅबवरची बातमी त्यांना माझ्या तोंडूनच कळायची.

"फळ येतं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"शेळी पाला खाती का?"

"न्हाई. विषारी असतंय म्हणे."

"देवाला चालतं का?"

"मला काय ठाऊक."

"मग लय गुणाचं झाड हाय," त्या म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या.

मला राग आला, पण हसूही आलं. आमच्या दोघींचं असंच चालायचं. टोचायचं आणि मग चहा एकत्र प्यायचा.

त्याच वर्षी चैत्रात आत्याबाई माहेरी, राणीसावरगावला, जाऊन आल्या. त्यांच्या भाच्यांना जुन्या घरामागं दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि त्या जागेत एक बेलाचं झाड होतं. आत्याबाईंच्या आईनं बियापासून लावलेलं. आई त्या आठ-नऊ वर्षांच्या असतानाच गेली. तिचा फोटो नाही, दागिना नाही, लुगड्याचा तुकडा नाही. होतं ते एवढं झाड. भाचे वाईट नव्हते. त्यांनी आत्याला बोलावून घेतलं, झाडाची पूजा करू दिली, साडीचोळी केली आणि मगच तोडणार म्हणून सांगितलं. तोडायच्या आधी आत्याबाईंनी एक पिकलेलं बेलफळ मागून घेतलं आणि पिशवीत घालून, ती मांडीवर धरून, एसटीनं घरी आणलं.

फळ माझ्या हातात देताना त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरी, तुझ्या हाताला यश हाय. एक तरी झाड करून दे मला. मी गेल्यावर त्याचा पाला माझ्यासंगं घाला."

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात, अंगाला विभूती लावतात आणि भोवती बेल घालतात. तो बेल आईच्या झाडाचा असावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सासू म्हणून त्यांनी कामं लय सांगितली, पण स्वतःसाठी मागितलेलं मला तेवढं एकच आठवतं.

मी फळ दगडावर फोडलं, बियांचा चिकटा राखेत घोळून काढला आणि भरलेल्या आठच बिया निघाल्या, त्या निळ्या रंगाच्या बादलीत लावल्या. बादली पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवली. सकाळचं ऊन, दुपारी सावली. अख्ख्या स्लॅबवर तेवढीच एक बरी जागा. विस्टेरियाच्या पाच बिया शेजारच्या पसरट डब्यात.

रोज मी पाणी घालून खाली आले की आत्याबाई विचारायच्या, "फुटलं का?"

विस्टेरियाच्या पाचातल्या तीन बिया उगवल्या. मी सगळ्यांना फोटो दाखवले. आठवडाभर मला दुसरं काही दिसेना. बादलीतही हिरवं काही तरी वर आलं, चार काड्या, त्यांना एकेक साधं पान. मी बघितलं आणि सोडून दिलं. शेणखतात काय काय बी असतं, त्यातलंच काही तरी असेल.

"फुटलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई अजून. नुसतं तण आलंय."

"बरं. बघ सबुरीनं."

हे आता सांगताना माझीच मला चीड येते. आमच्या घरात रोज सकाळी लिंगपूजा. बेल निवडायचं काम मी परकर नेसत होते तेव्हापासून करते. तीन पानं अखंड पाहिजेत, भोक नको, किडीची रेघ नको. लहानपणी दोन पानांची डहाळी ताटात ठेवली म्हणून आईनं माझ्या हातावर चापट मारली होती. तीन पानं नाहीत तो बेलच नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. बेलाचं रोप पहिल्यांदा एकेकच पान काढतं, तीन पानं मागाहून येतात, हे मला माहीत नव्हतं. शेकडो रोपं केली, पण बेल कधी बियापासून केला नव्हता. देवळामागचं झाड रोज पाला देत होतं, मग कशाला करते?

आणि आत्याबाईंना ते माहीत होतं. त्यांच्या माहेरच्या झाडाखाली दर पावसाळ्यात अशी रोपं उगवायची आणि त्या ती उपटून खेळायच्या. बादलीतलं एक रोप मी मातीसकट खाली नेऊन दाखवलं असतं तर त्यांनी बघताक्षणी ओळखलं असतं. चौदा पायऱ्या. पण तण काय दाखवायचं, म्हणून मी नेलं नाही.

मग वैशाख तापला. विस्टेरियाची पानं कडेनं करपायला लागली. त्यांना खोल भांडं पाहिजे होतं आणि सावली पाहिजे होती. खोल बादली एकच रिकामी, म्हणजे मला रिकामी वाटलेली. मी ती चार रोपं चिमटीत धरून उपटली, कठड्यावर टाकली, माती हलवली आणि विस्टेरिया तिच्यात बसवला. मनात म्हटलंसुद्धा, बरं झालं, जागा झाली.

खाली येऊन पूजेचा बेल निवडायला बसले. एक पान चुरगाळलं गेलं आणि वास आला. तो वास बेलाचा, त्यात काय नवल. पण तोच वास माझ्या बोटांना आधीपासून होता. मी हात नाकाशी नेला. मग उठले आणि जिना कसा चढले ते आठवत नाही. कठडा तव्यासारखा तापला होता. चारही रोपं माना टाकून पडली होती, आणि एकाच्या मुळाशी बेलाच्या बियाचं फुटकं टरफल तसंच चिकटलेलं होतं.

पाण्यात ठेवली, ओल्या फडक्यात ठेवली, परत मातीत लावली. संध्याकाळपर्यंत चारही गेली. बादलीतली माती पसरून मी उरलेल्या चार बिया शोधल्या, त्या कुजलेल्या होत्या. राणीसावरगावला फोन केला, एखादं फळ पडलेलं असेल तर ठेवा म्हणून. भाच्याची बायको म्हणाली, झाड मागच्याच सोमवारी पाडलं, फळं पोरांनी फोडून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "फुटलं का?"

मी म्हटलं, "न्हाई, आत्याबाई. बियातच दम न्हाई. म्हाताऱ्या झाडाचं बी असंच असतंय."

नाचता येईना अंगण वाकडं. जी म्हण मी गल्लीतल्या बायकांना ऐकवायचे, तीच मी खरी केली. झाडवालीची इज्जत राहिली पाहिजे होती ना. शिवाय खरं सांगायची भीती होती. आत्याबाई रागावल्या असत्या, रडल्या असत्या, मालकांना सांगितलं असतं. माझं खोटं मात्र त्यांनी तसंच खरं मानलं. एवढंच म्हणाल्या, "असंल."

मी परभणीच्या नर्सरीतून बेलाचं रोप आणलं आणि मागच्या अंगणात लावलं. आत्याबाईंना धरून तिथं नेलं. त्यांनी त्याच्या पानावरून हात फिरवला आणि विचारलं, "चांगलं हाय. कुणाचं हाय हे?" मी म्हटलं, नर्सरीतलं. त्यानंतर त्यांनी बेलाचं नाव काढलं नाही. विस्टेरिया दुसऱ्या उन्हाळ्यात पापडासारखा वाळून गेला. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

सहा वर्षं गेली. दरम्यान मी दोनदा तरी सांगायचं ठरवलं. एकदा पाहुणे आले. एकदा त्यांचा मूड चांगला होता, म्हटलं कशाला बिघडवा. कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. बोलणं कमी झालं होतं त्यांचं, पण त्या दिवशी डोळे स्वच्छ होते.

"तुला एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "कुणालाच सांगितलं न्हाई मी. आई गेली त्या दिवशी तिनं मला पाणी मागितलं होतं. मी झाडाखाली खेळायलेते. आले आले म्हटलं आणि गेलेच न्हाई. मी आले तवर ती गेलती."

मी हात थांबवला.

"म्हणून तिचं झाड माझ्याकडं आलं न्हाई बघ. एक बी उगवलं न्हाई. तुझ्यासारखीनं लावून उगवलं न्हाई, म्हणजे काय समजायचं? सहा वर्षं मी तिला रोज म्हणायलेय, चुकलं माझं. पण तिचा राग जात न्हाई."

"असं कुठं असतंय का, आत्याबाई," मी म्हटलं.

"असतंय. तू लय जीव लावून पेरलीस. तुझा काय दोष."

त्यांनी माझा हात धरला होता. दारं लोटलेली, घरात कुणी नाही, कुणी ऐकणारं नाही. उगवलं होतं. तुमच्या आईनं चार झाडं पाठवली होती, मी उपटली. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण मला वाटलं, आता जाता जाता ह्या माझ्यावर राग धरून जातील. मी त्यांच्या पायावर चादर ओढली आणि म्हणाले, "पडा जरा. लय बोललात."

पाचव्या दिवशी त्या गेल्या. पाण्याच्या एका तांब्यासाठी आईनं आपल्याला माफ केलं नाही, असं समजून गेल्या. आईनं माफ केलं होतं. मी ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही.