पहिली ओळ कुणाची

तात्या गेल्याची बातमी घेऊन कन्हेरीच्या गुऱ्हाळावरचा माणूस आला, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर चष्मा पुसत उभा होतो. "निरवांगीचं तात्या गेलं, गुर्जी. काहिलीपाशी बसल्या बसल्या..." एवढंच तो बोलला. त्याला आता महिना होईल. पुरवणीवाले म्हणतात, तात्यांच्या कवितेवर लिहा. लिहितो. पण तात्यांनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी दिली नाही. ते सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिणं म्हणजे ढोंग होईल.

तात्या गुळव्या होते, काहिलीत उसाचा रस कढवून गूळ करणारे. हंगामात बारामतीपासून इंदापूरपर्यंत गुऱ्हाळं करत फिरायचे. जाळ मोठा असला की लावणी, गूळ निवायला लागला की भजन. अक्षरओळख नव्हती, म्हणून मी वहीत उतरवून घ्यायचो. एकदा विचारलं, "तात्या, सुचतं तरी कसं हो तुम्हाला?"

"मला कुठं सुचतंय? सुचायचं ते तिला. मी निस्तं म्होरं न्यायचं."

ती म्हणजे त्यांची बायको, कन्हेरीची लेक. पहाटे जात्यावर बसली की एक ओळ म्हणायची अन् थांबायची. उंबऱ्यात बसलेले तात्या दुसरी ओळ जोडायचे. बाप्या माणूस ओव्या म्हणतो म्हणून गाव हसायचं. हसेना का! एकदा कन्हेरीकडून पाटाला पाणी आलं, तेव्हा ती म्हणाली, "पाटाच्या पान्या दादा, तुझा गढूळ का रंग?" तात्या म्हणाले, "माझ्या माहेराची माती, आली का रं तुझ्या संग?"

तिच्या त्या एका ओळीवर माणूस आयुष्यभर जगला. तीच ओळ घेऊन त्यांनी उशिरा घरी आलेल्या सख्याला जाब विचारणारी लावणी केली. बायको गेली, त्या वर्षी त्याच ओळीचं भजन केलं; त्यात गढूळ होतं ते स्वतःचं मन. ते भजन ऐकताना मला वर बघवलं नव्हतं.

मी ओवी, लावणी, भजन, तिन्ही सुवाच्य अक्षरात पुण्याच्या एका साप्ताहिकाला पाठवली. छापून आली, खाली तात्यांचं नाव. मी मिरवत निरवांगीला गेलो आणि वाचून दाखवलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तिचं नाव कुठं हाय?"

"अहो, कवी तुम्ही!"

"पयली ओळ जिची, गानं तिचं. पुढच्या बारीला तिचं नाव आधी टाका, गुर्जी. येवढं करा."

"नाव काय त्यांचं?"

झालं! साठीचा माणूस, कानापर्यंत लाल झाला. बायकोचं नाव असं सरळ घ्यायचं कसं? शेवटी खाली बघत त्यांनी उखाणा घेतला. दाराआड सून हसली, मीही खो खो हसलो. घरी येऊन वहीच्या शेवटच्या पानावर तो उतरवला, आणि वही मिटली.

साप्ताहिकाला पत्र काही धाडलं नाही. संपादक काय म्हणतील, हे निमित्त. खरं कारण वेगळंच. एक अडाणी कवी मी शोधून काढला म्हणून चारचौघांत माझी पाठ थोपटली जात होती. त्यात ही बाई मला अडचणीची वाटली. दर हंगामात तात्या विचारायचे, "झालं का त्ये?" मी म्हणायचो, "होईल हो." कसलं होईल!

परवा निरवांगीला जाऊन आलो. पडवीत जातं तसंच आहे. सून म्हणाली, "दळान आता गिरनीतच जातंय. पन मामांजी ह्ये हलवू द्यायचं न्हाईत. पहाटंचं खुंट्याला हात लावून बसायचं. मी म्हनायची, मामांजी, काय करताय? तर म्हनायचं, पयली ओळ येऊ दे..."

मी जात्याच्या अलीकडं जरा वेळ बसलो. पलीकडची जागा मोकळीच ठेवली.

संपादक महाराज, माझं बाकीचं हवं तेवढं कापा. वहीच्या शेवटच्या पानावरचं एवढं मात्र जसंच्या तसं छापा:

"पयली ओळ तिची, दुसरी ओळ माझी,
सारजाचं नाव घेतो, भाकर वाढा ताजी."