धसईच्या लग्नात सायलीची छत्री

मंडळी, आत्ताच धसईहून लग्न सोडून घरी आलोय. जेवलो पण नाय.

माझी सायली पंधरा वर्षांची. तिच्या कातडीत जन्मापासून रंगच नाही, उन्हात पोर अक्षरशः भाजते. "आत्ता जपलं नाही तर पुढे कॅन्सर होऊ शकतो," असं शहापूरचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी सख्खी ताई शेजारी बसून रडली होती.

आज त्याच ताईच्या पोराचं लग्न. सायली करवली. पूर्ण बाह्यांचा ड्रेस, डॉक्टरांनी दिलेलं क्रीम, एका हातात करा, दुसऱ्या हातात छत्री. भर दुपारी मारुतीच्या देवळातून नवरदेव निघाला आणि ताईने सायलीच्या हातातली छत्री काढून घेतली.

मी म्हटलं, "ताई, तुला सगळं माहीत हाय ना?"

"एका दिवसानं काय होतंय रे? पोराचा मेकअप उतरतोय."

छत्री नवरदेवाच्या डोक्यावर गेली. मी सायलीला करा खाली ठेवायला लावला, डोक्यावर माझा टॉवेल टाकला आणि तिला गाडीवर बसवून घरी आणलं.

आता मानेवर ओलं फडकं ठेवून पडलीय. मघाशी विचारते, "पप्पा, आत्याला राग आला असंल का?"

तुमीच सांगा, काय उत्तर देऊ?