सीटा न बसणारं शहर

गुंडांच्या टोळीवरच्या एका सिनेमावरून काढलेला तो गेम मी लॅपटॉपवर लावला आणि जेवण विसरले. अख्खं शहर मोकळं. हवी ती गाडी पळवा, हव्या त्या दुकानदाराची कॉलर धरून हप्ता मागा. सिनेमातल्या प्रत्येक मोठ्या प्रसंगात, आपण खेळतो त्या गुंडाला ओढूनताणून कोपऱ्यात उभं केलंय, याची मात्र चीड यायची. गल्ल्याही सगळ्या एका साच्यातल्या. तरी खेळ सोडवत नव्हता.

बाबा रिसोड-वाशीम रस्त्यावर सीटा, म्हणजे वाटेतले प्रवासी, भरून जीप चालवतात. एका सुट्टीच्या दुपारी ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"गाडी चालवून राह्यली का म्हैस हाकून राह्यली? मले दे."

बाबांनी एक काळी मोटार पळवली आणि अशी वळणं घेतली, की माझ्या अंगावर काटा आला. डावा हात मधूनच गिअर शोधत खुर्चीच्या बाजूला जायचा. पाठलाग करणारे पोलीस केव्हाच मागे पडले.

तेवढ्यात कडेला एक बाई उभी दिसली आणि बाबांनी करकचून ब्रेक मारला. गाडी तिच्यापुढे लावून हॉर्न दिला. ती किंचाळत पळाली. पुढे एक टोपीवाला म्हातारा. पुन्हा ब्रेक, पुन्हा हॉर्न. तोही पळाला.

"बसत काहून नाही कोणी?"

"बाबा, आपण गुंड आहो याच्यात."

"गुंड असलो म्हून काय झालं? जाऊन तर तिकडेच राह्यलो."